यादीत नसलेली कडी

मी कडी बोलतेय. लगेच बाहेरच्या दाराकडे पाहू नका! तिथली कडी वेगळी. तिला कुलूप मिळतं, येणारा-जाणारा तिला वाजवतो, तिचा थाट मोठा. मी आतली. दार लोटून घेतल्यावर माणूस जी आतून सरकवतो, ती मी. पितळेची, वीतभर लांब, टोकाला चपटी मूठ. गेल्या रविवारपासून मी इतकी खुशीत आहे, की कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुम्ही सापडलात, आता ऐकून घ्या.

माझा जन्म एका चिंचोळ्या कारखान्यात झाला. तिथे वितळलेलं पितळ साच्यात ओतायचे, मग कानशीने घासायचे, आणि शेवटी आम्ही सगळ्या पॉलिशवाल्या बाईंच्या हाती जायचो. बाईंची पद्धत अशी, की प्रत्येक कडी कानाजवळ धरून तीनदा मागेपुढे सरकवायची. जी करकरली ती परत भट्टीत! माझी पाळी आली तेव्हा मी जीव मुठीत धरून होते. बाईंनी सरकवलं, थांबल्या, पुन्हा सरकवलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "ही बघ गं, काय छान चालते." त्या एका वाक्याच्या जोरावर मी पुढे बत्तीस वर्षं काढणार होते, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होतं!

मग हार्डवेअरचं दुकान आलं. तिथे मला एका पुठ्ठ्यावर बांधलं आणि सोबत माझा कोयंडा दिला. कोयंडा म्हणजे दाराच्या चौकटीवर बसणारं छोटं पितळी घर. मी सरकले की त्यात जाऊन बसते. स्वभावाने तो अबोल, दोन स्क्रूंवर समाधानी. मला चार लागतात.

एका तरुण सुताराने आम्हा दोघांना विकत घेतलं आणि एका छोट्या घराच्या मागच्या खोलीला बसवलं. घर एका नर्सबाईंचं होतं. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची, म्हणून मीही सिस्टरच म्हणते. बाई कामाला वाघ. हॉस्पिटलात ड्यूटी करून यायच्या आणि घरीही ड्यूटीच करायच्या. नवरा मुलगी वर्षाची असतानाच वारलेला. घरात माणसं दोनच, सिस्टर आणि त्यांची लेक. चादर अशी ताणून घालायच्या, की वर रुपया टाकला तर उसळावा. आणि दार वाजवून खोलीत शिरणं त्यांना माहीतच नव्हतं. वॉर्डात कोण दार वाजवतं? तिथे पडदा सारायचा, कपाळावर हात ठेवायचा आणि पुढच्या खाटेकडे जायचं.

आता माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस सांगते, म्हणजे तो एकदाचा सांगून होईल.

लेक तेव्हा चार वर्षांची. एका दुपारी ती बाहुलीला घेऊन खोलीत आली, स्टुलावर चढली आणि दोन्ही हातांनी मला सरकवलं. मला कोण आनंद झाला! इवलीशी बोटं, पण जोर केवढा! मग ती उतरायला गेली आणि स्टूल कलंडलं. तिला फारसं लागलं नाही, पण स्टूल पलंगाखाली गेलं आणि माझ्यापर्यंत तिचा हात पोचेना. बाहेरून सिस्टर धक्के देत होत्या, हाका मारत होत्या. लेक आधी रडली, मग हुंदके देत राहिली, मग एकदम गप्प झाली.

मी आतून बघत होते, म्हणून मला माहीत आहे. पोर बाहुली कवटाळून जमिनीवर गाढ झोपली होती. पण बाहेरच्या बाईला ते कसं कळावं? सिस्टरनी वॉर्डात अशा शांतता पाहिल्या होत्या. त्या दाराला कान लावून एकच वाक्य म्हणत होत्या, "काहीतरी बोल गं, काहीतरी बोल." मला सरकता आलं असतं तर मी आपणहून सरकले असते हो! पण कडीचं नशीब असं, की हात लागल्याशिवाय तिला हलता येत नाही.

शेवटी तोच सुतार आला, त्याने खिडकीची काच काढली आणि आत उतरून मला मागे ओढलं. लेक जागी झाली आणि तिने पाणी मागितलं. त्याच संध्याकाळी सिस्टरनी स्वयंपाकघरातली सुरी आणली आणि माझे चारही स्क्रू काढले. मग कोयंड्याचे दोन. मग घरातल्या झाडून सगळ्या आतल्या कड्या. बाथरूमचीसुद्धा! तिथे नियम केला, की आत असलेल्या माणसाने मोठ्याने गाणं म्हणायचं. गाणं ऐकू आलं की समजायचं, आत कोणी आहे आणि ठीक आहे.

मला फेकलं मात्र नाही. नर्सबाई त्या, त्यांनी मला आणि कोयंड्याला पांढऱ्या पट्टीत नीट गुंडाळलं, सहा स्क्रू औषधाच्या रिकाम्या बाटलीत घातले आणि त्याच खोलीतल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. दारातल्या भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग दिला. ड्रॉवर नीट बंद होत नसे, म्हणून सगळं ऐकू यायचं आणि थोडं दिसायचंही. बत्तीस वर्षं मी त्या फटीतून संसार पाहिला.

लेक त्याच खोलीत मोठी झाली. ती कपाटाचं दार उघडून त्याच्या आड कपडे बदलायची. वही लिहिताना पायाचा आवाज आला, की वही उशीखाली सरकायची आणि पुस्तक वर यायचं. एकदा परीक्षेत नापास झाली तेव्हा तिने रडण्यासाठी गच्चीवर जाण्याचं निमित्त म्हणून धुतलेलेच कपडे पुन्हा धुतले आणि वाळत घालायला गेली. हे सिस्टरना गेल्या रविवारपर्यंत माहीत नव्हतं. मला माहीत होतं. पुढे लेकीला दूरच्या शहरात नोकरी लागली, ती गेली, आणि खोली रिकामी झाली.

खरी गोष्ट आता सुरू होते. सिस्टर निवृत्त झाल्या आणि वर्षभरातच पायरीवर घसरल्या. गुडघ्याला सूज आली, बाकी काही नाही, पण लेकीने फोनवर धरणंच धरलं. सिस्टर तेव्हा याच खोलीत फोन स्पीकरवर ठेवून चादर घालत होत्या.

"आई, तू एकटी राहायचं नाही. घर बंद कर आणि माझ्याकडे ये."

"तुझ्याकडे येऊन करू काय? सातव्या मजल्यावरून माणसं मोजू?"

"मग ती मागची खोली कोणाला तरी दे. घरात एक माणूस हवं, बस्स. सहा महिने एक माणूस टिकवून दाखव, मी पुन्हा विषय काढणार नाही. तीनदा बघ. नाही जमलं, तर निमूटपणे यायचं. कबूल?"

"कबूल!" सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज ऐकायला हवा होता तुम्ही. हजारो रोगी सांभाळलेली बाई ती, एक भाडेकरू म्हणजे किस झाड की पत्ती!

त्या दिवसापासून घरात जी लगबग सुरू झाली, काय सांगू! सिस्टरनी यादी केली. भाडेकरूला काय काय द्यायचं, याची यादी, दाराच्या आतल्या बाजूला टाचणीने लावलेली. त्या एकेक वस्तू आणत आणि मोठ्याने वाचून खूण करत. पलंग, दोन उश्या, वाचायचा दिवा, झाकणाचा पाण्याचा जग, गरम पाण्याची पिशवी, थर्मामीटर, आणि उशाशी एक घंटी, जिची दोरी भिंतीतून सिस्टरच्या खोलीत जात होती. मी ड्रॉवरमध्ये कान टवकारून बसले होते. प्रत्येक नावानंतर वाटायचं, आता माझं येणार, आता येणार! यादी संपली. माझं नाव नव्हतंच.

पहिला भाडेकरू औषधांचा सेल्समन. बोलका, हसरा माणूस. त्याला एकच गाणं येत होतं, तेच तो बाथरूममध्ये रोज म्हणायचा. सकाळी सहाला सिस्टर आत येऊन पडदे उघडत, नाडी बघत आणि "झोप लागली का?" म्हणून विचारत. एकोणीस दिवसांनी तो गेला. म्हणाला, "सगळं उत्तम होतं, सिस्टर. फारच उत्तम होतं."

सिस्टर विचारात पडल्या. खूप विचार करून त्यांनी निष्कर्ष काढला, की जमीन गार लागली असणार. त्यांनी गालिचा आणला.

दुसरे व्हायोलिन शिकवणारे गृहस्थ. ते पाच आठवडे टिकले. संध्याकाळी सराव करताना ते डोळे मिटायचे, आणि उघडले की समोर सिस्टर, हातात दुधाचा पेला घेऊन उभ्या! बिचारे प्रत्येक वेळी दचकायचे आणि तार सुटायची. तेही गेले. सिस्टरनी पडदे बदलले, फळांचं भांडं ठेवलं आणि पलंगाशेजारी पायपुसणं घातलं. गालिच्यावर पायपुसणं! मी डोक्याला हात लावला असता, हात असता तर.

तिसरी आली ती बस स्टँडवर तिकिटं देणारी मुलगी. काचेच्या खिडकीमागे तिची बसायची जागा, म्हणून मी तिचं नाव खिडकीवाली ठेवलं. वय पंचविशीचं, आवाज असा बारीक, की ड्रॉवरपर्यंत अर्धाच पोचायचा. तिला गाता येत नव्हतं, म्हणून बाथरूममध्ये ती नुसती खोकायची. सिस्टरनी तिसऱ्या दिवशी तिला कफाचं औषध आणून दिलं, आणि ते तिने गुपचूप घेतलंसुद्धा!

पण मला ती आवडली, आणि सिस्टरना तर ती फारच आवडली. गंमत म्हणजे तिलाही सिस्टर आवडत होत्या. संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात बसून पत्ते खेळायच्या. खिडकीवाली जिंकली की तिचा आवाज चक्क मोठा व्हायचा. पहिला महिना गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. लेकीला फोन करताना सिस्टरचा आवाज चढू लागला. "टिकली बरं का! चौथा महिना लागला! तुझी ती सातव्या मजल्यावरची खोली दुसऱ्या कोणाला तरी दे."

आणि मी फटीतून काय बघत होते? पोरगी पांघरुणाच्या आत शिरून कपडे बदलत होती. दिवसभर लोक काचेतून तिच्याकडे बघायचे, हाका मारायचे, बोटं नाचवायचे. घरी आल्यावर ती पलंगाच्या काठावर बसून डोळे मिटायची, आणि तेवढ्यात दार उघडायचं. "काय गं, डोकं दुखतंय का?" कपाळावर हात. "नाही सिस्टर." "मग डोळे का मिटलेस?" याला ती काय उत्तर देणार?

एके दिवशी तिने सुई शोधायला माझा ड्रॉवर उघडला. पट्टीचं गाठोडं दिसलं. तिने हळूहळू पट्टी सोडली, आणि अहो, बत्तीस वर्षांनी माझ्या अंगाला उजेड लागला! तिने मला तळहातावर घेतलं, मूठ धरली आणि सरकवलं. मी चालले! जराही न अडकता चालले! मला वाटलं, आता हिने मला दारावर बसवलंच. तिने मला दाराशी नेऊन धरलंही. पण भोकं बुजलेली, हातात ना पेचकस ना धीर. दुसऱ्याच्या घराच्या दाराला विचारल्याशिवाय कशी लावणार, आणि विचारणार तर कोणत्या तोंडाने? तिने मला पुन्हा पट्टीत गुंडाळलं. गाठ अगदी पहिल्यासारखी मारली. त्या दिवशी मी रडले असते.

आठवड्याने तिने सिस्टरना सांगितलं, की कामाजवळ दुसरी खोली मिळाली आहे, रविवारी जाते. खोली कामाजवळ नव्हती. मी तिला फोनवर बोलताना ऐकलं होतं. दोन बस बदलून जायचं होतं. फक्त तिथे दार आतून लागत होतं.

"तिथे गरम पाण्याची पिशवी देणार आहेत का तुला?" एवढंच सिस्टरनी विचारलं. मग त्यांनी लेकीला फोन लावला आणि म्हणाल्या, "ये बाई. हरले मी." लेकीने रविवारीच येते म्हणून सांगितलं. त्यानंतर सिस्टर खोलीत आल्या, रिकाम्या पलंगाची ताणलेली चादर पुन्हा ताणली, आणि तिथेच बसून राहिल्या. या घराची एकेक वीट त्यांनी ड्यूट्या करकरून उभी केली होती. आता ते बंद होणार होतं, आणि का, हे त्यांना कळत नव्हतं. मला कळत होतं, पण सांगायला तोंड नव्हतं.

रविवार उजाडला. खिडकीवाली सकाळची पाळी करून दुपारी आली, बॅग भरायला खोलीत गेली आणि दार लोटलं. मग तिने आयुष्यात पहिल्यांदा धीर केला. खुर्ची उचलली आणि तिची पाठ दाराच्या मुठीखाली घट्ट अडकवली. भराभर बॅग भरली, कानात गाणी लावली आणि पलंगावर आडवी झाली. अवघ्या पाच मिनिटांत झोपली. इतक्या महिन्यांत एवढ्या लवकर तिला झोपलेलं मी पाहिलं नव्हतं.

बाहेर सिस्टर सरबत घेऊन आल्या. दार ढकललं. उघडेना. पुन्हा ढकललं. "अगं ए! दार का उघडत नाही? ऐकतेस ना?" आत गप्प. सिस्टरचा आवाज एकदम बदलला. तो आवाज मी बत्तीस वर्षांपूर्वी ऐकला होता. "काहीतरी बोल गं! काहीतरी बोल!" ग्लास फुटल्याचा आवाज आला, आणि दुखरा गुडघा विसरून त्या गल्लीच्या टोकाकडे धावल्या.

सुतार अजून तिथेच राहत होता, फक्त त्याचा आता सुतारकाका झाला होता. तो पिशवी घेऊन धापा टाकत आला. तेवढ्यात रिक्षा थांबली आणि लेकही पोचली, हातात आईचं सामान न्यायला आणलेली रिकामी सूटकेस. तिघं मिळून दारावर धाडधाड! खुर्ची थरथरली, पडली, आणि दार उघडलं.

खिडकीवाली पलंगावर उठून बसली होती. कानातून गाणी काढत, केस विस्कटलेली, घाबरलेली. सिस्टरनी तिचं मनगट पकडलं आणि नाडी मोजायला लागल्या.

"मी ठीक आहे, सिस्टर. झोपले होते."

"खुर्ची का लावलीस?"

पोरीने खाली बघितलं. "थोडा वेळ मला कोणी बघायला नको होतं."

"तुला बघतं कोण इथे?"

तिने मान वर केली. "तुम्ही, सिस्टर."

मग सुतारकाका म्हणाला, "मग नक्की काय फोडायचं? नाही तर जातो मी, जेवायचा थांबलोय."

लेक एकदम हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती सूटकेस खाली ठेवून कपाटापाशी गेली आणि त्याचं दार उघडून त्याच्या आड उभी राहिली. "आई, मी दिसते का तुला?"

"नाही."

"मी अशी राहिलेय इथे, नोकरी लागेपर्यंत. कपडे बदलायला इथे, लिहायला उशीखाली, रडायला गच्चीवर. तुला कधी सांगितलं नाही. तू दिवसभर मरमर मरून यायचीस, त्यात हे काय सांगायचं? ही बिचारी तरी खुर्ची लावते. माझी तर तेवढीही हिंमत झाली नाही."

सिस्टर पलंगावर बसल्या. "तू चार वर्षांची होतीस," त्या म्हणाल्या. "आत रडत होतीस, आणि एकदम गप्प झालीस. मी बाहेर. किती वेळ गप्प होतीस, माहीत आहे? मी घड्याळ बघत होते. वॉर्डात बघतात तसं. त्या वेळात माझं काय झालं, ते मी कोणाला सांगितलेलं नाही."

"मला त्यातलं काही आठवतसुद्धा नाही गं," लेक म्हणाली आणि आईशेजारी बसली. "मी झोपले होते ना?"

"हो," सिस्टर म्हणाल्या. "झोपली होतीस." आणि बत्तीस वर्षांनी त्या रडल्या.

सुतारकाका एव्हाना दारावरून बोट फिरवत होता. "इथे लांबी भरलीय. मीच बसवली होती इथे कडी. पितळेची होती, चांगली. कुठे टाकलीत?"

खिडकीवाली उठली. तिने ड्रॉवर ओढला. पट्टी सोडली. मी! मी पुन्हा उजेडात, सगळ्यांसमोर! सुतारकाकाने मला कानाजवळ नेऊन सरकवलं आणि "वा!" म्हणाला. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही.

"नाही," सिस्टर म्हणाल्या.

झालं! पुन्हा पट्टीत!

"आत कोणी पडलं तर?" त्यांनी डोळे पुसत विचारलं. आता त्या पुन्हा नर्स झाल्या होत्या.

"मी हाक मारीन ना," खिडकीवाली म्हणाली.

"बेशुद्ध माणूस हाका मारत नाही."

हे खरंच होतं. सुतारकाकाने पिशवीत हात घातला, खुडखुड केली आणि नखाएवढे दोन स्क्रू काढले. "कडीला तिचे चार लांब स्क्रू. पण चौकटीवरच्या कोयंड्याला हे दोन छोटे. आतून लावलं की लागेल, वाऱ्याने उघडणार नाही. पण बाहेरून खांदा मारला की कोयंडा उखडून हातात येईल. कोणालाही दोन धक्के लागतील. तुम्हाला एकच पुरेल, सिस्टर."

कोयंड्याला अपमान वाटला असावा, पण तो बोलला नाही. मी मनात म्हटलं, बाबा रे, घे आता सांभाळून, किती वर्षांनी संधी आलीय! सिस्टरनी ते छोटे स्क्रू तळहातावर घेऊन निरखले. मग म्हणाल्या, "बसव. पण मी धक्का मारून बघणार. त्याशिवाय माझा विश्वास बसायचा नाही."

लांबी खरवडली. जुनी भोकं पुन्हा उघडली आणि माझे स्क्रू जणू काल काढल्यासारखे आपापल्या जागी जाऊन बसले. खिडकीवाली आत राहिली, बाकी सगळे बाहेर गेले. तिने दार लावलं, मूठ धरली आणि मला सरकवलं. मी सरळ कोयंड्यात शिरले. खट्! असा आवाज मी स्वप्नात किती वेळा ऐकला होता!

बाहेर सिस्टरनी खांदा दाराला लावला. त्यांचं वजन मला लाकडातून जाणवत होतं. मी अंग चोरून तयार राहिले, आता धक्का बसणार, आता बसणार! सुतारकाका म्हणाला, "मारा की, सिस्टर. एकच." आत पोरगी श्वास धरून उभी.

धक्का बसलाच नाही. दाराला टेकलेलं वजन हळूहळू निघून गेलं. आणि मग दारावर वाजलं, टक् टक्. दोनदाच, आणि तेही कोणी नव्याने शिकल्यासारखं.

"कोण?" खिडकीवालीने विचारलं.

"मी," सिस्टर म्हणाल्या. "येऊ का?"

पोरीने माझ्यावर हात ठेवला. मग ती म्हणाली, "थोड्या वेळाने आलात तर चालेल का, सिस्टर?"

मी मनातून हात जोडले.

"बरं," सिस्टर म्हणाल्या. "सरबत करून ठेवते. वाटलं की ये." आणि त्यांची पावलं, एक दुखरं, एक धड, स्वयंपाकघराकडे गेली.

मी सांगते तुम्हाला, जगात याहून मोठं बक्षीस कोणत्याही कडीला मिळालं नसेल. पोरीने बॅग उघडली, एकेक कपडा काढला आणि कपाटात परत ठेवला. तासाभराने तिने मला आपल्या हाताने मागे ओढलं आणि बाहेर जाऊन सिस्टरना म्हणाली, "त्या दुसऱ्या खोलीवाल्यांना मी नको म्हणून कळवलंय." लेक त्याच संध्याकाळी परत गेली. सूटकेस रिकामीच जायची, म्हणून सिस्टरनी तिच्यात जबरदस्तीने चार उश्यांचे अभ्रे आणि एक गालिचा कोंबला.

सगळं सुरळीत झालंय असं समजू नका. बाथरूमला कडी लावायला सिस्टर अजून तयार नाहीत. तिथे गाणंच म्हणायचं. खिडकीवाली आता गाते, भयंकर बेसूर गाते, पण गाते. आणि दाराबाहेर सिस्टर कधीकधी नुसत्याच येऊन उभ्या राहतात. मला त्यांची सावली फटीतून दिसते. त्या ऐकतात, आत पान उलटल्याचा किंवा कूस बदलल्याचा आवाज येतो, मग जातात. सवय आहे ती, एकदम कशी सुटेल? माझी तक्रार नाही.

आता एवढंच मागणं. तुमच्याकडे जादा खोली असेल आणि ती कोणाला द्यायची असेल, तर पलंग द्या, दिवा द्या, जमल्यास गरम पाण्याची पिशवीही द्या, सिस्टरना बरं वाटेल. पण त्याआधी दार लावून आतल्या बाजूला बघा. तिथे माझ्यासारखी कोणी नसेल तर सुताराला बोलवा. कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये तुमच्याकडेही एखादी पडली असेल. तिला सरकवून बघा, ती अजून चालत असेल.

ऐका! फाटक वाजलं. तिची पाळी संपली, आली ती. दिवसभर लोकांनी तिच्याकडे बघितलंय, तेव्हा ती आता सरळ खोलीत येणार, दार लावणार आणि माझ्यावर हात ठेवणार. मला कामाला लागायला हवं. आणि तुम्ही अजून आत काय करताय? चला, निघा बाहेर!